चाळिसावा प्रयोग, पहिला श्रोता

नीतिशास्त्रावरील ग्रंथांत सत्य, अहिंसा, दान, प्रतिज्ञा यांचा ऊहापोह विपुल आढळतो. परंतु नित्याच्या व्यवहारात यांच्याइतकाच वारंवार पुढे उभा राहणारा एक साधा प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो. एखादी कृती एका माणसाला शेकडो वेळा करावी लागते. ज्याच्यासाठी ती करायची त्याच्या वाट्याला मात्र ती एकदाच येते. या दोघांमधले नाते कसे असावे? करणाराचा कंटाळा खरा असतो, आणि येणाराची उत्कंठाही खरी असते. या दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर आल्या म्हणजे कोणी कोणासाठी माघार घ्यावी?

शिक्षक, वैद्य, पुरोहित, कीर्तनकार, कचेरीतला कारकून या सर्वांना हा प्रश्न लागू आहे. तथापि आपल्या अंगणातल्या उदाहरणात आपलेच राग-लोभ मिसळतात, म्हणून आम्ही एक दूरचे उदाहरण घेतो. अमेरिकेतील मध्यम आकाराच्या शहरांमधून डिसेंबर महिन्यात सिंफनी ऑर्केस्ट्राचे जे नाताळ-हंगामाचे कार्यक्रम होतात, त्यांच्याविषयी हे चिंतन आहे.

ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्याकडे गणेशोत्सवातला चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. इथे अभिप्रेत असलेला वाद्यवृंद निराळा. साठ-सत्तर वादक, समोर लिखित स्वरलिपी, मध्ये उंचवट्यावर उभा संचालक आणि दोन-तीनशे वर्षांतल्या थोर रचनाकारांचे भांडार, असा हा संसार असतो. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो यांसारख्या महानगरांतले वादक पूर्णवेळ पगारी असतात. लहान शहरांतल्या प्रादेशिक वाद्यवृंदांची स्थिती वेगळी. तेथील अनेक वादकांना दर तालमीला व दर प्रयोगाला ठरावीक मानधन मिळते. दिवसा कोणी शाळेत संगीत शिकवतो, कोणी घरी शिकवण्या घेतो, आणि संध्याकाळी मोटार हाकत शेजारच्या दुसऱ्या-तिसऱ्या शहराच्या वाद्यवृंदात वाजवायला जातो. कॅलिफोर्नियात अशा वादकांना थट्टेने ‘फ्रीवे फिलहार्मोनिक’ असे नावच पडले आहे.

यांचा हंगाम साधारणपणे सप्टेंबरात सुरू होऊन मे महिन्यात संपतो. त्यात बीथोवन येतो, ब्राम्स येतो, क्वचित एखाद्या हयात रचनाकाराची नवी कृतीही येते, आणि सभागृहातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहतात. डिसेंबर उजाडला की चित्र पालटते. चायकोव्हस्कीचा ‘नटक्रॅकर’, हँडेलचा ‘मसाया’, नाताळची गाणी आणि लिरॉय अँडरसनची ‘स्लेह राइड’ ही छोटी चटकदार रचना यांची रेलचेल होते. दुपारचा खेळ, रात्रीचा खेळ, मुलांसाठी निराळा खेळ, असे आठवड्याच्या अखेरीस प्रयोगामागून प्रयोग होतात. सहसा वाद्यवृंदाकडे न फिरकणारी कुटुंबे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत नटूनथटून येतात. ऋतू बदलला की ही मंडळी पुन्हा दिसेनाशी होतात.

या गर्दीचे आर्थिक महत्त्व समजून घेतले पाहिजे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: कारखान्यात यंत्रे सुधारली की तेवढ्याच वेळात अधिक माल निघतो आणि वेतनवाढ त्यातून भागते, परंतु चार वादकांसाठी लिहिलेली अर्ध्या तासाची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे आणि अर्धा तास लागत असे, आणि आजही तेवढेच लागतात. इतरांची वेतने वाढली की वादकांचीही वाढवावी लागतात, पण त्यांचे ‘उत्पादन’ काही वाढत नाही. म्हणून नुसत्या तिकिटांवर वाद्यवृंद चालत नाही. त्याला देणगीदार लागतात आणि वर्षातून एकदा भरणारे सभागृह लागते. हा आधार पुरा पडला नाही तर काय होते याची उदाहरणे दूरची नाहीत. फिलाडेल्फियाच्या जगद्विख्यात वाद्यवृंदालाही २०११ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. १९६१ साली स्थापन झालेला सिरॅक्यूज शहराचा वाद्यवृंद त्याच वर्षी बंद पडला, आणि त्यातल्याच वादकांनी पुढल्या वर्षी ‘सिम्फोरिया’ या नावाने नवी संस्था उभी केली. डिसेंबरची भरलेली सभा मार्चमधल्या रिकाम्या खुर्च्यांचे भाडे भरते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या व्यवस्थेवर दोन आक्षेप घेतले जातात. दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की, हे ढोंग आहे. ‘स्लेह राइड’मध्ये बर्फावरून धावणाऱ्या घोडागाडीचे चित्र आहे. घुंगरू वाजतात, लाकडाच्या दोन पट्ट्या आपटून चाबकाचा फटकारा काढतात, पोकळ ठोकळ्यांवर टापांचा आवाज होतो आणि शेवटी ट्रंपेटवाला आपल्या वाद्यातून घोड्याचे खिंकाळणे काढतो. सभागृहात हशा पिकतो. हेच खिंकाळणे त्या वादकाने गेली वीस वर्षे प्रत्येक डिसेंबरात कितीतरी वेळा काढलेले असते. त्याला त्यात कसली गंमत वाटणार? मग त्याने आनंदी मुद्रेने ते वाजवावे ही श्रोत्यांची फसवणूक नव्हे काय?

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. वाद्यवृंदाला डिसेंबरचा श्रोता मनातून नकोच असतो. त्याला हवी असते ती त्याची तिकीट. या पैशावर आपले ‘खरे’ संगीत चालवायचे, आणि ज्याच्या पैशावर ते चालते त्याच्या अभिरुचीला मात्र मनातल्या मनात हसायचे. म्हणजे माणसाला दुभत्या गाईसारखे वापरायचे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली सांगून ठेवले की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःच एक साध्य आहे. या कसोटीवर डिसेंबरचे हे कार्यक्रम उतरतात काय?

उत्तराकडे जाण्यापूर्वी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. ‘मसाया’ हा आज नाताळचा अविभाज्य भाग मानला जातो, पण त्याचा जन्म नाताळसाठी झालेला नाही. हँडेलने तो १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अवघ्या चोवीस दिवसांत लिहिला, आणि पहिला प्रयोग डब्लिन शहरात १३ एप्रिल १७४२ रोजी, म्हणजे ईस्टरच्या सुमारास झाला. गर्दी इतकी अपेक्षित होती की, स्त्रियांनी घेरदार झग्यांच्या कड्या न घालता आणि पुरुषांनी तलवारी न लटकवता यावे, अशी विनंती करण्यात आली, म्हणजे तेवढी अधिक माणसे बसतील. उत्पन्न दोन रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांना द्यायचे होते. त्या पैशातून एकशे बेचाळीस कर्जदार मुक्त झाले. पुढे लंडनमध्ये, नाटकगृहात धर्मवचने गावीत काय, यावर वादही झाला. १७५० पासून अनाथ मुलांच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या संस्थेत हँडेलने त्याचे प्रयोग त्यांच्या मदतीसाठी सुरू केले, आणि मृत्युपत्राने त्या संस्थेला या रचनेची एक प्रत ठेवली. १८१५ साली स्थापन झालेल्या बॉस्टनच्या हँडेल अँड हायडन सोसायटीने १८१८ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतला पहिला संपूर्ण प्रयोग केला, आणि १८५४ पासून तेथे तो वार्षिक रिवाज झाला.

या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, ही रचना जन्मापासूनच दुसऱ्या कशाला तरी पोसत आली आहे. डब्लिनच्या श्रोत्यांचा पैसा कैद्यांसाठी वापरला गेला हे खरे. परंतु त्या श्रोत्यांना त्याच्या बदल्यात संगीतातील एक श्रेष्ठ कृती, पुरत्या तयारीनिशी, मिळाली. माणूस साधन झाला, पण केवळ साधन झाला नाही. कांटच्या वचनातला ‘केवळ’ हा शब्द पुष्कळदा वाचताना गळून जातो. सारा अर्थ त्यात आहे. दूधवाला आपल्या पोटासाठीच दूध घालतो, यात ग्राहकाचा अपमान नाही. अपमान पाणी घालण्यात आहे.

दुसरी गोष्ट अशी की, हँडेलने हीच रचना वर्षानुवर्षे सादर केली, पण ज्या वर्षी जो गायक मिळाला त्याच्या गळ्याप्रमाणे तो काही गाणी बदलत, नवी लिहीत गेला. दृष्टी अधू होऊन पूर्ण गेली तरी प्रयोग चालू राहिले. ६ एप्रिल १७५९ च्या प्रयोगाला तो उपस्थित होता आणि त्यानंतर आठच दिवसांनी वारला. सतरा वर्षे एकाच कृतीच्या सहवासात राहूनही तिच्याकडे पाहण्याची सावधता त्याने सोडलेली दिसत नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. ‘स्लेह राइड’ची कल्पना अँडरसनला १९४६ च्या जुलै महिन्यात, कडक उन्हाळ्यात सुचली, असे नोंदलेले आहे. रचना पुरी झाली १९४८ मध्ये, आणि बॉस्टन पॉप्स वाद्यवृंदाने ती पहिल्यांदा वाजवली त्याच वर्षीच्या मे महिन्यात. घामाने निथळताना लिहिलेला बर्फ खोटा ठरतो काय? कोणीही तसे म्हणणार नाही. कलावंताच्या अंगाला त्या क्षणी थंडी वाजत होती की नाही याची चौकशी श्रोता करीत नाही. मग वाजवणाराच्या मनाला त्या क्षणी गंमत वाटत होती की नाही, याचीच चौकशी का करावी?

आमच्या मते इथे भावना आणि अवधान यांत गल्लत होते. भावना आपल्या हाती नसते. तिला बोलावून आणता येत नाही, म्हणून तिचे वचनही कोणाला देता येत नाही. अवधान मात्र आपल्या हाती असते. सूर नेमका लागावा, शेजारच्याचे ऐकावे, संचालकाच्या हाताकडे लक्ष असावे, खिंकाळणे असे निघावे की मागच्या रांगेतल्या मुलालाही घोडा दिसावा, एवढे वादक निश्चयाने करू शकतो. तिकीट काढणाराला त्याने दिलेले वचन एवढेच आहे. चाळिसाव्या प्रयोगाला त्याने आपला कंटाळा बाजूस ठेवून हे पाळले, तर तो ढोंगी नव्हे, वचनाचा पक्का आहे.

आयुष्याची पस्तीस वर्षे आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत काढली. तहसील कचेरीत वारसनोंद, आमच्या भाषेत नामांतरण, हे सर्वांत रटाळ काम. अर्ज तोच, नमुना तोच, पटवाऱ्याचा अहवालही बहुतेक त्याच शब्दांत. कारकुनाच्या टेबलावर ते त्या महिन्याचे साठावे प्रकरण असते. परंतु समोर उभ्या असलेल्या बाईचा नवरा एकदाच मेलेला असतो. तिच्या जन्मात ती या दारात पहिल्यांदा आलेली असते, आणि कदाचित पुन्हा कधी यायचीही नसते. कारकुनाने तिच्याबरोबर रडावे अशी कोणाची अपेक्षा नसते, तिचीही नसते. त्याने मान वर करून पाहावे, बसायला सांगावे, कोणता कागद कमी आहे हे एकाच खेपेत नीट सांगावे, इतकेच. असे करणारे कारकून आम्ही पाहिले आहेत. आतून ते इतरांहून अधिक हळवे होते असे काही नव्हे. त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती: साठावी खेप आपली आहे, तिची नाही.

आपल्या परंपरेलाही हे ठाऊक आहे. रामनवमीच्या कीर्तनात दुपारी बारा वाजता राम जन्मणार हे बुवांना ठाऊक असते, श्रोत्यांना ठाऊक असते, सुंठवड्याकडे डोळे लावून बसलेल्या पोरांनाही ठाऊक असते. तरी बारा वाजताच सारी सभा उभी राहते. बुवांनी हे आख्यान किती वेळा लावले याचा हिशेब कोणी मागत नाही. मागतात ते एवढेच, की गुलाल उधळण्याच्या क्षणी त्यांचे लक्ष घड्याळाकडे असावे, पण बिदागीच्या पाकिटाकडे नसावे.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर असे तत्त्वाने देता येत नाही. ते प्रत्येक वाद्यवृंदाच्या वागणुकीत शोधावे लागते. डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी पुरेशा तालमी होतात की जुन्याच कागदांवर वेळ मारून नेतात? मुलांच्या खेळाला संचालक चार शब्द मनापासून बोलतो की घाईने उरकतो? मुलाकडे काही हिवाळे काढताना असे कार्यक्रम ऐकण्याचा योग आम्हांस आला. एका सभागृहात मध्यंतरात वादक वाद्ये घेऊन दारापाशी आले होते, आणि सेलेस्टा म्हणजे काय हे एक वादिका मुलांना पेटीचे झाकण उघडून दाखवीत होती. पियानोसारखे दिसणारे, पण आत पोलादी पट्ट्यांवर हातोड्या पडून मंजुळ किणकिण काढणारे ते वाद्य चायकोव्हस्कीने पॅरिसमध्ये पाहिले आणि १८९२ च्या ‘नटक्रॅकर’मध्ये परीच्या नृत्यासाठी वापरले. त्या दिवशी तिचे सायंकाळचे दुसरे काम बाकी असणार. तिथे कोणी कोणाला दुभती गाय मानीत नव्हते, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

परंतु कर्तव्याचे ओझे वादकाच्याच खांद्यावर टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. निष्ठेचे प्रवचन देणाऱ्या संस्थेने मानधन वेळेवर दिले पाहिजे. दिवसाला दोन-तीन खेळ लावताना मनगटे आणि ओठ हाडामांसाचे आहेत हे ध्यानात ठेवले पाहिजे. आणि नाव दिले पाहिजे. हा शेवटचा मुद्दा आपल्या फार जवळचा आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले अनेक वादक मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. दशकानुदशके या मंडळींचे श्रम साऱ्या देशाच्या कानांत घुमले, पण पडद्यावरच्या नामावळीत त्यांतल्या बहुतेकांना जागा मिळाली नाही. गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोचले ते १९७७ च्या एका चित्रपटातील विनोदी गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी दिलेली ती गुरुदक्षिणा होती. ज्याच्याकडून शंभराव्या खेपेलाही पहिल्याइतकी काळजी अपेक्षित आहे, त्याला ‘कोणी तरी वादक’ म्हणून ठेवणे हे त्याचे अवधान चोरण्यासारखे आहे.

आणखी एक शंका उरते, आणि ती आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. डिसेंबरचा श्रोता मार्चमध्ये परत येईल, या आशेवर पुष्कळ संस्थाचालक त्याचे स्वागत करतात. तो बहुधा येत नाही. मग एवढा आटापिटा वाया गेला काय? आम्हांस वाटते, प्रश्नाचे मर्म इथेच आहे. परत येईल म्हणून केलेले आदरातिथ्य ही गुंतवणूक झाली. परत येणार नाही हे जवळजवळ ठाऊक असताना केलेले आदरातिथ्य हेच खरे आदरातिथ्य. त्या एका संध्याकाळी त्याला जे मिळाले ते पूर्ण असले पाहिजे. पुढच्या कशाचा तो नमुना नव्हे.

हे सारे लिहिताना आमच्या मनापुढे आपली मंडळे होती, हे वाचकांनी ओळखले असेलच. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे असो, आपल्या गणेशोत्सवात आणि नाट्यसंगीताच्या मैफलीत असाच एक वर्ग वर्षातून एकदा येतो. घरी हिंदी वा गुजराती बोलणारी नातवंडे, पुण्या-बंगळुरूहून चार दिवसांसाठी आलेली सुना-मुले, लग्नानंतर दुसऱ्या भाषेत गेलेली लेक. ती मागच्या रांगेत बसतात, कुठे टाळी द्यावी हे शेजारच्याकडे पाहून ठरवतात, आणि तेच नाट्यपद पुन्हा ऐकायला मागतात. आम्ही नियमित सभासद त्यांच्याकडे पाहून हसतो, ‘आले गणपतीपुरते मराठी’ असे कुजबुजतो, आणि त्यांनी दिलेली वर्गणी मात्र मोजून घेतो. वर्षभराची व्याख्याने, ग्रंथालयाचे भाडे, या पत्रिकेची छपाई पुष्कळ अंशी या वर्गणीवरच चालते.

पैसा त्यांचा आणि तुच्छता आमची, हा व्यवहार नीतीचा नव्हे. त्या पदाची शंभरावी खेप गाणाराची आणि आमची आहे. मागच्या रांगेतल्या मुलाने ते पद कदाचित प्रथमच ऐकले असेल. तबला नीट लावलेला असावा, पदाचा अर्थ कोणी दोन वाक्यांत त्याला समजेल अशा बोलीत सांगावा, नाव विचारावे, बसायला पुढे जागा द्यावी. पुढच्या वर्षी तो येईल की नाही याचा हिशेब मनात धरू नये. तो न आला तरी त्या संध्याकाळचे आपले काम पुरे झालेले असेल.